वेळ कोणाच्या मालकीचा?

विल्यम हॅरिसन नावाच्या एका इंग्लिश पाद्र्याने आपल्या देशाचे केलेले सविस्तर वर्णन १५७७ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने समाजाचे चार थर सांगितले आहेत. सगळ्यांत वर सरदार आणि ‘जंटलमन’ मंडळी, त्यांच्याखाली शहरांतले नागरिक आणि व्यापारी, मग जमीनजुमला राखून असलेले सधन शेतकरी आणि तळाशी कारागीर व मजूर. जंटलमन ओळखायचा कसा, याची त्याने दिलेली खूण मोठी बोलकी आहे. ज्याने कायद्याचा किंवा विद्यापीठातला अभ्यास केला आहे, किंवा जो हाताने काम न करता आरामात राहू शकतो आणि तशी राहणी ज्याला परवडते, त्याला लोक जंटलमन म्हणणार. या व्याख्येत घराण्याची अट ढिली आहे, रकमेचा आकडा नाही. विद्या आणि मोकळीक या दोन गोष्टी मात्र शेजारी शेजारी बसल्या आहेत. पहिल्या एलिझाबेथची कारकीर्द १५५८ ते १६०३ अशी पंचेचाळीस वर्षांची. त्या काळातले शिक्षण आणि करमणूक यांबद्दल बोलताना आपण सहसा श्रीमंत आणि गरीब अशी सरळ विभागणी करतो. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. त्या समाजात शाळाही फुकट होत्या आणि नाटकही जवळजवळ फुकट होते. तरीही बहुतेकांना दोन्ही दुर्मीळ राहिले, कारण त्यांचा दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता. त्या काळातली खरी वर्गरेषा पैशाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, वेळेची होती.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा १५६३ च्या कामगारविषयक कायद्यात सापडतो. मध्य मार्च ते मध्य सप्टेंबर या काळात रोजाने किंवा आठवड्याने राबणाऱ्या कारागिराने आणि मजुराने पहाटे पाचच्या आत कामावर हजर व्हावे आणि संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान सुटावे, असे त्यात लिहिले आहे. न्याहारी, जेवण आणि पाणी पिणे यांसाठी मिळून अडीच तासांहून जास्त सुट्टी नाही. हिवाळ्यात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. गैरहजेरीच्या प्रत्येक तासाला एक पेनी मजुरीतून कापायची. हस्तकौशल्याचा धंदा करायचा तर किमान सात वर्षांची उमेदवारी हवी, आणि शहरांत ती चोवीस वर्षांच्या वयाआधी संपता कामा नये. मजुरीचे कमाल दर ठरवण्याचा अधिकार स्थानिक न्यायाधीशांना, म्हणजे बहुधा त्या भागातल्या जमीनदारांनाच होता. या कायद्यामागे कारण होते. लोकसंख्या वाढत होती, भाव चढत होते, भटक्या बेकारांची भीती राज्यकर्त्यांच्या मनात घर करून होती. माणसाला कामाला जुंपून ठेवले की तो ताब्यात राहतो, असा हिशेब त्यामागे दिसतो. कायदा सर्वत्र काटेकोर पाळला गेला असे कोणी म्हणणार नाही. पण सामान्य माणसाचा दिवस हा कोणाचा तरी हक्काचा दिवस आहे, ही समजूत त्यातून स्वच्छ दिसते.

आता शाळेकडे वळू. मुलाच्या शिक्षणाची सुरुवात पाच-सहाव्या वर्षी गावातल्या प्राथमिक शाळेत व्हायची. एखादा धर्मोपदेशक किंवा शेजारची एखादी बाई चार पोरे गोळा करून शिकवायची. हातात ‘हॉर्नबुक’ असायचे, म्हणजे मूठ असलेली छोटी लाकडी फळी, तिच्यावर मुळाक्षरे आणि प्रार्थना लिहिलेला कागद, आणि तो मळू नये म्हणून वर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा. आधी वाचन शिकवले जाई. लेखणी हातात येई ती त्यानंतर, सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास. हा क्रम साधा वाटतो, पण त्याचे परिणाम दूरवर गेले. नेमक्या याच वयात गरिबाचे पोर उपयोगी पडू लागायचे. पाखरे हाकणे, गुरे राखणे, लोकर पिंजणे, सूत कातणे ही कामे त्याची वाट पाहत असत. नॉरिच शहराने १५७० साली आपल्या गरिबांची घरोघर नोंद केली, तेव्हा तीत कातणारी आणि विणणारी लहान मुलेही आली. म्हणून कित्येकांना वाचता येई, पण लिहिता येत नसे. डेव्हिड क्रेसी या इतिहासकाराने जुन्या कागदांवरच्या सह्या आणि खुणा मोजून काढलेल्या अंदाजानुसार, एलिझाबेथ गादीवर आली तेव्हा साधारण पाचांत एक पुरुष आणि विसांत एक स्त्री सही करू शकत असे. कारकिर्दीच्या अखेरीस पुरुषांचे प्रमाण पाव हिश्शाच्या थोडे वर आणि स्त्रियांचे दहांत एकाच्या आसपास पोचले. या मोजणीवर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे: सही न करणाऱ्याला वाचता येत नसेलच असे नाही. स्ट्रॅटफर्डचे जॉन शेक्सपिअर कागदावर सहीऐवजी खूण करत, पण १५६८ मध्ये ते नगरप्रमुख होते. मात्र या आक्षेपाने आपला मुद्दा कमजोर होत नाही, उलट पक्का होतो. वाचता येणे आणि लिहिता येणे यांच्यातली दरी ही शाळेत आणखी दोन वर्षे राहता येणे आणि न येणे यांमधली दरी होती.

प्राथमिक शाळेच्या पुढचा टप्पा ग्रामर स्कूलचा. सोळाव्या शतकात व्यापारी, नगरपालिका आणि धनिक यांनी देणग्या देऊन अशा शाळा गावोगाव काढल्या. स्ट्रॅटफर्डच्या शाळेला १५५३ मध्ये राजाची सनद मिळाली. तिथल्या शिक्षकाला वर्षाला वीस पौंड आणि राहायला घर मिळे, आणि गावातल्या मुलांना फी नसे. ‘ग्रामर’ म्हणजे लॅटिन व्याकरण. विल्यम लिलीच्या नावाने चालणारे एकच व्याकरण देशभर राजाज्ञेने लावलेले होते. उन्हाळ्यात सकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला शाळा भरे आणि मध्ये दोन तास जेवणाची सुट्टी धरून संध्याकाळी पाचपर्यंत चाले. सातव्या वर्षापासून चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत हा क्रम. म्हणजे फी माफ असली तरी शाळा मुलाचा अख्खा दिवस आणि त्याच्या कमाईची पहिली सात-आठ वर्षे मागत असे. चांभाराचे दुकान असेल, मदतीला दुसरे हात असतील, तर ही किंमत कशीबशी मोजता येई. शेतमजुराला ती पेलणारी नव्हती. वरच्या वर्गालाही हे कळत होते. एलिझाबेथच्या वडिलांच्या राजवटीत, १५४१ च्या सुमारास, कँटरबरीच्या शाळेत कोणाची मुले घ्यायची यावर वाद झाला. नांगरधाऱ्याच्या पोराने नांगर धरावा, विद्या सभ्यांच्या मुलांसाठी आहे, असे काहींचे म्हणणे पडले; हुशारी ही देवाची देणगी आहे आणि ती घराणे बघून मिळत नाही, असे सांगून आर्चबिशप क्रॅनमर यांनी त्यांना विरोध केला. पुढे १६११ मध्ये फ्रान्सिस बेकन यांच्यासारख्या विद्वानाने राजाला दिलेल्या सल्ल्यात तक्रार केली, की ग्रामर स्कूले फार झाली आहेत आणि त्यामुळे शेतीला गडी आणि धंद्यांना उमेदवार मिळेनासे झाले आहेत. पैशाचा अपव्यय होतो असे बेकन म्हणत नाहीत. कामाचे हात शाळेत अडकून पडतात, हे त्यांचे दुखणे आहे.

इथे एक आक्षेप हमखास येणार. हातमोजे करणाऱ्याचा मुलगा विल्यम शेक्सपिअर, कँटरबरीच्या चांभाराचा मुलगा ख्रिस्तोफर मार्लो, ज्याचा सावत्र बाप वीटकाम करणारा गवंडी होता तो बेन जॉन्सन, ही नावे काय सांगतात? या शाळांनी दारे उघडली होती, हेच ना? उघडली होती, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ही मुले कुठल्या थरातली होती ते पाहू. तिघेही शहरातल्या हुन्नरी घरांतले. शेतमजुराचा मुलगा त्यांत एकही नाही. मार्लोला केंब्रिजमध्ये शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तो विद्यापीठापर्यंत गेला. वेस्टमिन्स्टरच्या शाळेत विल्यम कॅम्डेनसारखा गुरू मिळूनही जॉन्सनला काही काळ सावत्र बापाच्या धंद्यात विटा रचाव्या लागल्या. हुशारी तीच, गुरू तोच. पुढचा अभ्यास ठरला तो कमाईविना आणखी किती वर्षे काढता येतील यावर. विद्यापीठातही हेच चित्र होते. गरीब विद्यार्थी श्रीमंत विद्यार्थ्यांची ताटे उचलून, निरोप पोचवून शिकत. ‘द फेअरी क्वीन’चा कवी एडमंड स्पेन्सर केंब्रिजमध्ये असाच सेवक-विद्यार्थी होता. गरिबांसाठी ठेवलेल्या जागा आता धनिकांची मुले बळकावत आहेत, अशी तक्रार हॅरिसनने नोंदवली आहे. आणि १५७२ चा भटक्यांविरुद्धचा कायदा पाहिला तर चकित व्हायला होते. कोणा सरदाराचा आश्रय नसलेले नट आणि विद्यापीठाच्या परवान्याविना भीक मागत फिरणारे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी, दोघांनाही त्यात भटक्या लुच्च्यांच्या एकाच यादीत बसवले आहे. पोशिंद्यावाचून शिकणे आणि पोशिंद्यावाचून करमणूक करणे, दोन्ही कायद्याच्या लेखी गुन्हाच.

स्त्रियांच्या बाबतीत ही रेषा वेगळ्या वळणाने जाते. राणी स्वतः लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, इटालियन जाणणारी. अँथनी कुक यांच्या मुलींच्या विद्वत्तेचा बोलबाला होता. त्यांपैकी मिल्ड्रेड ही मंत्री विल्यम सेसिल यांची पत्नी, आणि फ्रान्सिस बेकन यांच्या आई अ‍ॅन यांनी एका महत्त्वाच्या लॅटिन धर्मग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १५६४ मध्ये प्रसिद्ध केले. राणीचे शिक्षक रॉजर आस्कम यांनी १५७० मध्ये छापलेल्या पुस्तकात लेडी जेन ग्रेची आठवण दिली आहे: घरची सगळी मंडळी राखीव रानात शिकारीला गेलेली आणि ही मुलगी एकटी खोलीत बसून प्लेटो ग्रीकमध्ये वाचते आहे. हा प्रसंग विद्येच्या गोडीचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. शिकार की प्लेटो, अशी निवड समोर असणे हेच उच्च घराण्याचे लक्षण होते. मुलींना ग्रामर स्कूलमध्ये जवळजवळ प्रवेशच नव्हता. मर्चंट टेलर्स शाळेचे मुख्याध्यापक रिचर्ड मुलकास्टर यांनी १५८१ मध्ये मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडली, पण त्यांनाही ग्रामर स्कूलमध्ये नेण्याइतके पुढे जाता आले नाही. सामान्य घरातल्या मुलीचा दिवस तर घरकाम, दूधदुभते, कताई आणि धाकटी भावंडे यांनी भरलेला. शेक्सपिअरची मुलगी ज्युडिथ खूण करून सही करत असे. बापाकडे पैसे आल्यावरही मुलीच्या वाट्याला शाळा आली नाही, म्हणजे इथे वर्गापेक्षा लिंगभेदाची भिंत उंच होती, हे मान्य करायला हवे.

करमणुकीच्या बाबतीत कायदा आणखी उघड बोलतो. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४१ मध्ये झालेला खेळांविषयीचा कायदा एलिझाबेथच्या राजवटीतही लागू होता. कारागीर, शेतकरी, उमेदवार, मजूर आणि नोकर यांनी टेनिस, पत्ते, फासे आणि गवतावर गोळे घरंगळवण्याचा ‘बोल्स’ खेळू नये. खेळायचेच तर नाताळात, तेही मालकाच्या घरी किंवा त्याच्या देखत. ज्याच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला शंभर पौंड, तो आपल्या बागेत खेळाचा परवाना देऊ शकतो. सामान्यांनी काय करायचे? धनुर्विद्येचा सराव, कारण तो लढाईत उपयोगी. शिकारीचे कुत्रे बाळगण्यासाठी चौदाव्या शतकापासूनच जमिनीच्या उत्पन्नाची अट होती. चर्चच्या सुधारणेनंतर संतांच्या नावाच्या बऱ्याच सुट्ट्या गेल्या; उरला रविवार. त्या दिवशी सकाळी प्रार्थनेला न गेल्यास बारा पेन्स दंड, आणि दुपारी नाचावे, फुटबॉल खेळावा तर १५८३ मध्ये फिलिप स्टब्जसारखा कडवा धर्मनिष्ठ पापाची यादी घेऊन उभा. म्हणजे सहा दिवस मालकाचे आणि सातवा देवाचा. पुढच्या राजवटीत, १६१८ मध्ये, जेम्स राजाने रविवारी दुपारच्या खेळांना मुभा देताना जे कारण दिले ते या साऱ्या व्यवस्थेचा कबुलीजबाबच आहे: बाकी सर्व दिवस कामाला जुंपलेल्या माणसाने रविवारी आणि सणाला नाही तर खेळायचे केव्हा? आणि त्याच फर्मानात बोल्सवरची बंदी हलक्या थरातल्या लोकांसाठी कायम ठेवलेली आहे.

या बंदिस्त दिवसाला भगदाड पाडले ते नाट्यगृहाने. जेम्स बर्बेजने १५७६ मध्ये लंडनच्या हद्दीबाहेर शोरडिचला ‘द थिएटर’ उभारले. मग कर्टन, रोझ, स्वान आणि १५९९ मध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर ग्लोब. उघड्या अंगणात उभे राहून पाहायचे तर एक पेनी, गॅलरीत बसायचे तर आणखी एक, उशी असलेल्या चांगल्या जागेसाठी तिसरी. लंडनच्या कुशल कारागिराची रोजची मजुरी बारा पेन्स किंवा थोडी जास्त असताना ही रक्कम मोठी नव्हती. पण खेळ सुरू होई दुपारी दोनच्या सुमारास, कारण तो उजेडात करावा लागे. इथे १५६३ च्या कायद्याशी मेळ घालून पाहा. गैरहजेरीच्या तासाला एक पेनी कापली जाणार, म्हणजे दोन-तीन तासांच्या नाटकाला दाराशी एक पेनी आणि मजुरीत दोन-तीन पेन्स. तिकिटाहून वेळ महाग होता. लंडनच्या महापौरांनी १५९७ मध्ये राजमंडळाकडे नाट्यगृहे बंद करण्याची मागणी केली, तेव्हा अनीती आणि रोगराई यांच्याबरोबर उमेदवार आणि नोकर काम टाकून तिकडे जातात, हाही मुद्दा मांडला होता.

प्रेक्षकांत नेमके कोण असत, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. आल्फ्रेड हार्बेज यांनी १९४१ मध्ये कारागीर आणि उमेदवार यांची गर्दी रंगवली. अ‍ॅन जेनली कुक यांनी १९८१ मध्ये विचारले, की कामाच्या दिवशी दुपारी दोनला मोकळा कोण असणार? त्यांच्या मते प्रेक्षक मुख्यतः सुस्थितीतले होते. हा प्रश्न अगदी बरोबर आहे, उत्तर मात्र एकांगी वाटते. सगळेच घरी मुकाट काम करत असते तर महापौरांना तक्रार करण्याचे कारणच उरले नसते. लोक वेळ चोरून येत होते, असे मानणे पुराव्याला जास्त धरून आहे. आणि आले की त्यांना काय मिळत होते? रोमचा इतिहास, ओव्हिडच्या कथा, वक्तृत्वाचे सगळे अलंकार. ग्रामर स्कूलच्या वर्गात छडीच्या धाकाने शिकवले जाणारे भांडार, आता त्यांच्या स्वतःच्या भाषेत. ज्यांच्याकडे शाळेसाठी आठ वर्षे नव्हती त्यांना त्याचा काही हिस्सा एका दुपारी मिळत होता. याच नाटकांच्या श्रीमंत आवृत्त्याही होत्या: ग्रेज इन या कायदा शिकवणाऱ्या संस्थेत १५९४ च्या नाताळात ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’ झाले, तिथे कोणाला मजुरी बुडवावी लागली नाही.

कोणी म्हणेल, करमणूक तर सगळ्यांची सारखीच होती. अस्वलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ राणीही आवडीने पाही आणि बाजारातला हमालही. खरे आहे. केनिलवर्थला १५७५ च्या जुलैत लेस्टरच्या अर्लने राणीची एकोणीस दिवस सरबराई केली, तेव्हा अस्वलांची झुंज झाली, तसेच कॉव्हेंट्रीच्या लोकांनी आपले जुने पारंपरिक नाटकही केले. त्यांचा म्होरक्या कॅप्टन कॉक्स हा गवंडी होता, आणि त्याच्या संग्रहातल्या गोष्टींच्या व गाण्यांच्या पुस्तकांची मोठी यादी तत्कालीन वर्णनात आहे. गवंड्याच्या घरी पुस्तके असू शकत, हे विसरता येणार नाही. पण आवड समान असणे वेगळे आणि तिच्यावर हक्क समान असणे वेगळे. कॉव्हेंट्रीचे नाटक धर्मोपदेशकांच्या विरोधामुळे बंद पडले होते. ते करू द्यावे म्हणून लोकांना राणीपुढे गाऱ्हाणे घालावे लागले. उलट १५९१ मध्ये राजमंडळाने गुरुवारी नाटके करू नयेत असे फर्मावले, कारण त्यामुळे राणीच्या आवडीच्या अस्वल-झुंजीचा धंदा बसत होता. लंडनकरांचा गुरुवार कशात जावा हेसुद्धा दरबारच ठरवत होता.

दुसरा आक्षेप धर्माचा. शिक्षकाला बिशपचा परवाना लागे आणि १५८१ पासून ऑक्सफर्डला प्रवेश घेणाऱ्याला इंग्लंडच्या चर्चची ३९ कलमे मान्य करावी लागत. विल्टशरचे थॉमस स्टीफन्स हे असेच कॅथलिक घरातले विद्वान; ते रोमला जाऊन जेझुइट झाले, १५७९ मध्ये गोव्यात पोचले आणि त्यांनी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, जे १६१६ मध्ये छापले गेले. एलिझाबेथच्या इंग्लंडने दूर लोटलेल्या विद्येचा असा लाभ मराठीला झाला. धर्माची भिंत वर्गाच्या भिंतीहून स्वतंत्र होती, हे उघड आहे. तरी ती ओलांडायला परदेशी जाण्याचे आणि वर्षानुवर्षे शिकत राहण्याचे बळ लागे. स्टीफन्स व्यापाऱ्याचे चिरंजीव होते. घरी राहिलेल्या गरीब कॅथलिकासमोर दर रविवारी बारा पेन्स, म्हणजे कुशल कारागिराची पूर्ण दिवसाची मजुरी, दंडात घालवण्याचा पर्याय होता.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष लंडनच्या एका संस्थेच्या उदाहरणावर तपासून पाहता येतो. ख्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा १५५२-५३ मध्ये शहरातल्या अनाथ आणि गरीब मुलांसाठी निघाली. तिथे फी माफ होतीच, शिवाय राहणे, जेवण आणि कपडे संस्थेचे होते. म्हणजे मुलाने कमवावे ही गरजच तिने दूर केली, आणि ज्यांना ग्रामर स्कूलची पायरीही चढता आली नसती अशी मुले तिच्यात शिकली. बाकी दानशूरांनी इमारती बांधल्या, शिक्षकांचे पगार लावून दिले, पुस्तके दिली. मुलाच्या बुडणाऱ्या कमाईचा विचार फार थोड्यांनी केला. म्हणून त्या काळातल्या शाळांची संख्या मोजून शिक्षण किती पसरले हे ठरवणे, किंवा पेनीचे तिकीट पाहून नाटक सर्वांचे होते असे म्हणणे, फसवे ठरते. दार उघडे होते का, हा अर्धाच प्रश्न झाला. कामावरून उठून त्या दारापर्यंत जायची परवानगी कोणाला होती आणि ती कोण देत होते, हे विचारल्याशिवाय एलिझाबेथच्या इंग्लंडचाच काय, कुठल्याही समाजाचा हिशेब पुरा होत नाही.